जुन्या गाडीचा वायपर अडकलाय? मोटर बदलण्याआधी हे तपासा

वायपर पावसात बिघडत नाही. तो आधीचे सात-आठ महिने हळूहळू बिघडत असतो, आपल्याला फक्त पावसात कळतं. बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यातल्या चकलांब्यासारख्या गावात हे जास्त जाणवतं. परतीचा पाऊस संपला की वायपरचं बटण कोणी दाबतच नाही. मग काळ्या रानाची धूळ, एप्रिल-मेचं चाळिशीपार ऊन आणि अंगणातल्या लिंबाचा पाला, सगळं काचेखालच्या जाळीत साचत राहतं. मृग लागतो, पहिला पाऊस येतो, बटण फिरवलं की "घूं..." असा आवाज, आणि वायपर जागचा हलत नाही.

अशा वेळी बहुतेक जण सरळ "मोटर गेली" म्हणतात आणि मोटर बदलतात. कधी कधी ते खरंही असतं. पण जुन्या गाडीत अनेकदा मोटर ठणठणीत असते. अडकलेला असतो तो मोटर आणि काच यांच्यामधला एखादा कोरडा, गंजलेला भाग. नवी मोटर बसवली तरी तो भाग तसाच राहतो आणि काही दिवसांत नव्या मोटरवरही तोच ताण येतो.

या लेखात आपण पाहणार आहोत की वायपर नेमका कुठे अडकलाय हे कसं शोधायचं, घरी काय दुरुस्त करता येतं आणि कुठे थांबून मेस्त्रीकडे जायचं. मारुती 800, ओम्नी, जुनी अल्टो, इंडिका, जुनी बोलेरो अशा गाड्या डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलंय. प्रत्येक गाडीत नट आणि वायरींच्या जागा थोड्या वेगळ्या असतात, पण तपासायची पद्धत तीच.

थोडक्यात सांगायचं तर

- बटण फिरवल्यावर काहीच आवाज नाही: आधी फ्यूज, वायर आणि अर्थ बघा.
- मोटर फिरल्याचा आवाज येतो, पण वायपर हलत नाही: नट ढिला आहे किंवा लिंक निसटली आहे.
- मोटर कण्हते, वायपर हळू चालतो किंवा मध्येच थांबतो: स्पिंडल जाम आहे.
- हे तीन प्रश्न सुटल्याशिवाय मोटर विकत घेऊ नका.

वायपर चालतो कसा?

दुरुस्ती करायची तर रस्ता माहीत हवा. करंटचा रस्ता असा: बॅटरी, मग चावीचा स्विच, मग फ्यूज, मग स्टिअरिंगजवळचं वायपरचं बटण, मग मोटर. मोटरमधून करंट अर्थ वायरने गाडीच्या बॉडीत आणि तिथून बॅटरीच्या मायनसला परत जातो.

यापुढचा रस्ता लोखंडाचा आहे. मोटरच्या तोंडाशी एक छोटा गिअरबॉक्स असतो. त्यात मळसूत्रासारखा एक दांडा आणि त्याला लागलेलं दातेरी चाक असतं. मोटर खूप वेगाने फिरते, हा गिअर तो वेग कमी करतो आणि ताकद वाढवतो. चाकाला एक छोटा क्रँक जोडलेला असतो. क्रँक गोल फिरतो आणि त्याला जोडलेल्या लिंक म्हणजे लोखंडी पट्ट्या पुढे-मागे ढकलल्या जातात. लिंक दोन स्पिंडलना अर्धवट फिरवतात. स्पिंडल म्हणजे काचेखालून वर आलेला उभा दांडा. त्याच्यावर वायपरचा आर्म नटने बसवलेला असतो आणि आर्मला रबराचं ब्लेड.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. मळसूत्राचा गिअर एकाच बाजूने चालतो. मोटर आर्मला फिरवू शकते, पण आर्म मोटरला फिरवू शकत नाही. त्यामुळे चांगल्या गाडीतही वायपर हाताने ढकलला तर हलत नाही. "हाताने हलत नाही म्हणजे जाम झालाय" हा निष्कर्ष चुकीचा आहे. जोर लावलात तर आर्मचे दाते नाहीतर लिंकचा बुश तुटेल.

दुसरी गोष्ट पार्किंगची. बटण बंद केल्यावर वायपर मध्येच न थांबता खाली जाऊन थांबतो. मोटरच्या गिअरमध्ये त्यासाठी एक चकती आणि काही संपर्क असतात. बटण बंद झालं तरी वायपर खाली येईपर्यंत ते मोटरला करंट देत राहतात.

नव्या गाड्यांत बटण फक्त इशारा पाठवतं आणि पुढचं काम इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल करतं. जुन्या बऱ्याच गाड्यांत मोटरचा करंट थेट बटणातूनच जातो. यात तोटा असा की बटणाचे आतले संपर्क जळतात. फायदा असा की लॅपटॉप न जोडता, एका बल्बवर सगळं तपासता येतं.

आपल्याकडे वायपर जाम का होतो?

स्पिंडल एका नळीसारख्या बुशमध्ये फिरतो. नळीत कंपनीने ग्रीस भरलेलं असतं. दहा-पंधरा वर्षांत ते सुकून मेणासारखं घट्ट होतं. वर धूळ बसते. पावसाचं आणि गाडी धुतल्याचं पाणी आत शिरतं आणि गंज धरतो. गाडी रोज पावसात चालत असेल तर स्पिंडल निदान हलता तरी राहतो. आपल्याकडे तो महिनोन् महिने एकाच जागी उभा असतो, म्हणून गंजाला निवांत वेळ मिळतो.

दुसरं कारण पाल्याचं. बॉनेट आणि काच यांच्यामधल्या जाळीखाली पाणी वाहून जायला छिद्रं असतात. लिंबाचा बारीक पाला आणि माती मिळून ती बुजवतात. मग पाणी तिथेच तुंबतं आणि जवळच असलेल्या लिंक, वायरचे जोड आणि कधी कधी मोटरही त्यात भिजते.

तिसरं कारण अगदी साधं आहे. उन्हात रबर मऊ होऊन काचेला चिकटतं. पहिल्यांदा बटण फिरवण्याआधी दोन्ही आर्म हाताने अलगद उचलून बघा. रबर सुटलं आणि वायपर चालला, तर तुमचं काम तिथेच झालं.

काय काय लागेल?

- पाने: बऱ्याच गाड्यांत दहा ते चौदा नंबरचे चालतात
- चपटा स्क्रू ड्रायव्हर आणि पक्कड
- गंज सोडवणारा स्प्रे, साधं ग्रीस, बारीक एमरी पेपर
- 12 व्होल्टचा टेस्ट लॅम्प (ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो), असेल तर मल्टिमीटर
- त्याच अँपियरचे दोन-तीन जादा फ्यूज
- जुना टॉवेल किंवा जाड कापड
- आणि तुमचा फोन

फोन इथे खरंच कामाचा आहे. काहीही खोलण्याआधी फोटो काढा: वायरींचे रंग, वॉशर कुठल्या क्रमाने बसलेत, आर्म काचेवर कुठे टेकलाय. बटण फिरवल्यावरच्या आवाजाचा व्हिडिओ घ्या. गेवराईच्या किंवा बीडच्या इलेक्ट्रिशियनला तो पाठवला तर गाडी न नेता अर्धं निदान होतं. लिंक चालताना स्लो मोशनमध्ये शूट करा. डोळ्याला न दिसणारी ढिलाई त्यात स्पष्ट दिसते.

हात घालण्याआधी सुरक्षितता

1. लिंकजवळ हात असेल तेव्हा चावी काढून खिशात ठेवा आणि बॅटरीची मायनस वायर सोडा. अडकलेला वायपर अचानक सुटला तर लिंकमध्ये बोट चिरडतं.
2. कोरड्या काचेवर वायपर चालवू नका. आधी काच धुवा आणि ओली ठेवा. धुळीवर रबर फिरलं की काचेवर कायमच्या रेघा उठतात.
3. वायपर अडकून मोटर कण्हत असेल तर बटण लगेच बंद करा. अडकलेली मोटर नेहमीपेक्षा कितीतरी पट जास्त करंट ओढते आणि काही मिनिटांत जळू शकते.
4. आर्म उभा केल्यावर काचेवर जाड कापड टाका. आर्मला स्प्रिंग असते. ब्लेड काढलेला आर्म काचेवर आपटला तर काच तडकते.

पायरी 1: आधी ऐका

सॉफ्टवेअरमध्ये बग शोधताना सगळा कोड वाचत बसत नाहीत. मधोमध थांबून बघतात: इथपर्यंत बरोबर आहे का? म्हणजे अर्धा कोड लगेच बाजूला पडतो. वायपरमध्ये हा मधला बिंदू मोटर आहे. मोटरपर्यंतचा भाग विजेचा, मोटरनंतरचा लोखंडाचा.

काच ओली करा, इंजिन बंद ठेवून चावी ऑन करा, कोणालातरी बटण फिरवायला सांगा आणि तुम्ही बॉनेट उघडून कान लावा.

- पूर्ण शांतता: करंट मोटरपर्यंत पोचत नाही, परत येत नाही किंवा मोटर खरंच गेली आहे. पायरी 2 आणि 3 करा.
- मोटर मोकळी फिरते, पण वायपर हलत नाही किंवा एकच हलतो: पायरी 4.
- कण्हणं, हळू चाल, मध्येच थांबणं, फ्यूज पुन्हा पुन्हा उडणं: पायरी 5.
- थोडा वेळ चालतो, बंद पडतो, दहा मिनिटांनी परत चालतो: काही मोटरमध्ये तापल्यावर बंद होणारा संरक्षक स्विच असतो. मोटरवर ताण येतोय. पायरी 5.
- एकच वेग चालतो: बटणाचा संपर्क किंवा मोटरचा एक कार्बन ब्रश गेलाय. दोन वेगांसाठी मोटरमध्ये साधारण तीन ब्रश असतात.
- दोन्ही वेग चालतात, पण थांबून थांबून चालण्याचा वेग नाही: त्याचा रिले किंवा टायमर बघा.
- बंद केल्यावर काचेच्या मध्येच थांबतो: मोटरमधला पार्किंगचा संपर्क किंवा त्याची वायर.

पायरी 2: फ्यूज

फ्यूजचा डबा डॅशबोर्डखाली किंवा बॉनेटमध्ये असतो. झाकणावर चित्र असतं, त्याचा फोटो काढून झूम करा. वायपरचा फ्यूज काढून उजेडात धरा. आतली तार तुटलेली असेल तर उडालाय. पायांवर हिरवट-पांढरा थर असेल तर एमरी पेपरने घासून परत बसवा. कधी कधी तेवढ्यानेच काम होतं.

चपट्या फ्यूजचे रंग लक्षात ठेवा: लाल 10, निळा 15, पिवळा 20, पांढरा-पारदर्शक 25 आणि हिरवा 30 अँपियर. जितक्या अँपियरचा होता तितक्याचाच घाला. त्याच्या जागी मोठा फ्यूज, तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी अजिबात नको. फ्यूजचं काम स्वतः जळून वायर वाचवणं आहे. फ्यूज जळला नाही तर वायर जळते, आणि ती डॅशबोर्डच्या आत जळते.

नवा फ्यूज लगेच उडाला तर तिसरा घालत बसू नका. मोटरचा जोड काढा आणि पुन्हा बटण फिरवा. आता फ्यूज टिकला तर दोष मोटर किंवा जाम स्पिंडलमध्ये. तरीही उडाला तर वायर कुठेतरी बॉडीला लागतेय. उंदरांनी कुरतडलेल्या वायरींचं हे नेहमीचं लक्षण आहे.

पायरी 3: करंट पोचतोय का?

मोटरचा जोड सोडा. टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या मायनसला लावा, चावी ऑन, बटण हळू वेगावर. गाडीकडून येणाऱ्या वायरींच्या पिनांना एकेक करून टोक लावा. एखाद्या पिनेवर बल्ब लागला तर करंट मोटरपर्यंत येतोय. बटण वेगवान केल्यावर दुसऱ्या पिनेवर बल्ब लागायला हवा. एकाही पिनेवर लागला नाही तर दोष बटण, फ्यूज किंवा मधल्या वायरीत. काही गाड्यांत बटण मोटरची मायनस बाजू जोडतं, त्यात पिनांचं गणित उलटं असतं. गोंधळ वाटला तर तुमच्या मॉडेलचं वायरिंग चित्र शोधा.

आता अर्थ. चिमटा बॅटरीच्या प्लसला लावा आणि टोक मोटरच्या अर्थ वायरीला किंवा बॉडीला. बल्ब प्रखर लागला तर अर्थ ठीक. मंद लागला तर जोड गंजलाय. नट सोडून पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा आणि परत आवळा. जुन्या गाडीत वायपर हळू चालण्याचं हे खूप दुर्लक्षित कारण आहे.

मल्टिमीटर असताना बल्ब कशाला? कारण मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. गंजलेल्या जोडातून एका केसाएवढ्या तारेने करंट येत असेल तरी मीटर 12 व्होल्ट दाखवतो. बल्ब करंट ओढतो, म्हणून खोटा जोड उघडा पडतो. एक काळजी घ्या: हा बल्ब फक्त वायपरच्या वायरींना लावा. एअरबॅग किंवा इंजिनच्या कॉम्प्युटरच्या वायरींना लावू नका.

बॅटरीही बघून घ्या. गाडी बंद असताना चांगली बॅटरी साधारण 12.5 व्होल्टच्या आसपास असते आणि इंजिन चालू असताना 14 च्या आसपास.

पायरी 4: नट आणि लिंक

एकच वायपर हलत असेल तर आधी आर्मच्या मुळाशी असलेलं प्लास्टिकचं टोपण उघडा. खालचा नट ढिला असेल तर वायपर खाली, पार्किंगच्या जागी आणून आवळा. दोन दिवसांत परत ढिला झाला तर आर्मच्या आतले दाते झिजलेत. अशा वेळी आर्मच बदलावा लागतो. मोटरचा यात काही संबंध नाही.

नट घट्ट असेल तर जाळी काढून लिंक बघा. लिंक गोळीसारख्या टोकावर प्लास्टिकच्या वाटीने बसलेली असते. वाटी झिजली की लिंक निसटते. तात्पुरती ती ग्रीस लावून दाबून बसवता येते, पण वाटी किंवा बुश नवा टाकल्याशिवाय भरवसा ठेवू नका. काही गाड्यांत हा भाग डॅशबोर्डच्या आतून उघडतो. तसं असेल तर मेस्त्रीकडून करून घेतलेलं बरं.

पायरी 5: मोटर की स्पिंडल? खरा निकाल इथे

मोटरच्या क्रँकवरून लिंक सोडवा. क्रँकचा नट खोलू नका. लिंकची वाटी मोठ्या स्क्रू ड्रायव्हरने अलगद उचकटली की ती गोळीवरून सुटते. आता मोटर आणि स्पिंडल वेगळे झाले. दोन तपासण्या करा.

पहिली: हात लांब ठेवून बटण फिरवा. मोटर एकसारखी, न कण्हता फिरली तर मोटर चांगली आहे.

दुसरी: बटण आणि चावी बंद करून, आर्म काचेपासून उचलून हाताने डावीकडे-उजवीकडे फिरवा. लिंक सुटलेली असल्याने आता तो सहज फिरायला हवा. जड वाटला किंवा अजिबात हलला नाही तर स्पिंडल जाम आहे. बिघाड सापडला, आणि नव्या मोटरचे पैसे वाचले.

जाम स्पिंडल मोकळा करण्याची पद्धत

1. ब्लेड काचेवर कुठे टेकतं तिथे चिकटपट्टी लावून खूण करा.
2. आर्मचा नट काढा. आर्म निघत नसेल तर मुळाशी स्प्रे मारा, अर्धा तास थांबा आणि आर्म हळूहळू डोलवा. काचेवर स्क्रू ड्रायव्हर टेकवून उचकटू नका. छोटा पुलर मिळाला तर उत्तम.
3. स्पिंडल जिथे नळीत शिरतो तिथे वरून आणि खालून स्प्रे मारा. वीस-तीस मिनिटं थांबा, परत मारा. इथे घाई केली तर काहीतरी तुटतं.
4. आर्म तात्पुरता परत बसवून त्याने स्पिंडल थोडा थोडा फिरवा. आधी एक-दोन अंश हलेल, मग जास्त. हातोडा मारू नका, आटे चेपतात. गॅसची ज्योतही नको, आत प्लास्टिकचे बुश असतात.
5. स्पिंडलला वर लॉकची चकती असेल तर फोटो काढून ती काढा. स्पिंडल खालून बाहेर घ्या, एमरी पेपरने गंज घासा, नळी कापडाने पुसा, ग्रीस भरा आणि वॉशर त्याच क्रमाने लावून बसवा.
6. स्पिंडल बाहेर निघत नसेल तर निदान स्प्रे आणि हलवणं चालू ठेवा, काळं पाणी येणं थांबेपर्यंत. मग घट्ट तेल किंवा ग्रीस आत जाऊ द्या.

फक्त डब्ल्यूडी-40 मारून काम संपवू नका. ते गंज सोडवतं आणि पाणी हटवतं, पण त्याचा थर पातळ असतो. काही आठवड्यांत स्पिंडल परत कोरडा होतो. मोकळा झाल्यावर ग्रीस हवंच.

मोटरच दोषी असेल तर

लिंक सोडल्यावरही मोटर गप्प असेल आणि पायरी 3 मध्ये करंट व अर्थ दोन्ही ठीक आले असतील, तर मोटरवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टिचक्या मारा. ती दचकून चालू झाली तर कार्बन ब्रश संपत आलेत. ऑटो इलेक्ट्रिशियन ब्रश बदलून देतो, पूर्ण मोटर घ्यायची गरज पडेलच असं नाही. मोटर फिरते पण क्रँक फिरत नसेल तर आतलं दातेरी चाक झिजलंय.

सेकंड हँड मोटर घेताना दुकानातच बॅटरीवर लावून दोन्ही वेग आणि पार्किंग बघा. जोडाचा आकार, बसवायची छिद्रं आणि क्रँक तुमच्या मोटरशी जुळवा. जुन्या मोटरवरच्या नंबरचा फोटो जवळ ठेवा.

परत बसवताना

मोटर जोडून, आर्म न लावता, बटण एकदा चालू करून बंद करा. मोटर स्वतःहून पार्किंगच्या जागी थांबेल. मग चिकटपट्टीच्या खुणेवर ब्लेड ठेवून आर्म बसवा आणि नट आवळा. हा क्रम चुकला तर वायपर एकमेकांवर किंवा बॉनेटवर आपटतात.

मग परीक्षा घ्या. काच ओली ठेवून फोनवर एक मिनिटाचा टायमर लावा. खालून वर आणि परत खाली, अशी एक फेरी मोजा. युरोप-अमेरिकेच्या नियमांत वेगवान चालीला मिनिटाला किमान 45 फेऱ्या आणि दोन वेगांत किमान 15 फेऱ्यांचा फरक अपेक्षित आहे. तुमचा आकडा लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तो घसरला तर वायपर थांबण्याआधीच तुम्हाला कळेल.

रस्त्यात पावसात अडकला तर?

वेग कमी करा, गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर घ्या, इंडिकेटर चालू ठेवा आणि वायपरचं बटण बंद करा. फ्यूज उडाला असेल तर रेडिओसारख्या नसला तरी चालणाऱ्या वस्तूचा, त्याच अँपियरचा फ्यूज काढून लावा. हेडलाइट किंवा ब्रेक लाइटचा काढू नका.

जुने ड्रायव्हर काचेवर तंबाखू किंवा कापलेला बटाटा घासायचे. त्याने पाण्याचे थेंब न साठता पातळ थर होऊन वाहतं, आणि दिवसा हळू चालवत जवळच्या गावापर्यंत जाण्यापुरता आधार मिळतो. रात्री मात्र हा जुगार खेळू नका. परतीच्या पावसाच्या सुमारास आपल्याकडे ऊसतोडणीची लगबग सुरू होते. मागे लाइट नसलेली उसाची ट्रॉली कोरड्या काचेतूनही उशिरा दिसते. पाऊस ओसरेपर्यंत थांबलेलं परवडतं.

कायदा काय म्हणतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 च्या नियम 101 नुसार पुढची काच असलेल्या चारचाकीला नीट काम करणारा, शक्तीवर चालणारा वायपर असणं बंधनकारक आहे. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, त्यानंतर दर 5 वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. एमएच-23 ची जुनी गाडी त्या तपासणीला नेताना वायपरही बघितला जातो, हे लक्षात असू द्या.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

वायपर चालतो, पण काच साफ होत नाही. तेही जाम झाल्यामुळे का?
नाही. तो रबराचा दोष आहे. रबर कडक झालंय किंवा फाटलंय. ब्लेड बदला, मोटरला हात लावू नका.

बोनेटच्या जाळीतला पाला पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने काढला तर चालेल?
आधी हाताने पाला काढा, मग हलक्या धारेने छिद्रं मोकळी करा. जोराचा फवारा मोटर आणि वायरींच्या जोडात पाणी घालतो.

वर्षातून किती वेळा काळजी घ्यायची?
दर महिन्याला एकदा, पाऊस नसला तरी, काच ओली करून दोन मिनिटं वायपर चालवा. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात जाळीतला पाला काढा, स्पिंडलच्या मुळाशी तेलाचे थेंब सोडा, आर्मचे नट तपासा आणि फेऱ्या मोजा. फोनमध्ये 25 मेचं रिमाइंडर दरवर्षीसाठी लावून टाका. मृगाला अजून पंधरा दिवस असतात, म्हणजे काही बिघाड निघालाच तर तो कोरड्यात, दिवसाउजेडी दुरुस्त करता येतो.